लिलावातले घर आणि दरमहाचा भार

माझा भाचा मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. गेली नऊ वर्षे तो अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामी शहराच्या परिसरात नोकरी करतो आणि भाड्याच्या घरात राहतो. व्याजाच्या कर्जावर घर घ्यायचे नाही हा निश्चय त्याने तेथे पाऊल ठेवतानाच केला होता. त्याच्याबरोबरीचे लोक एकामागून एक घरमालक झाले. हा दर महिन्याला थोडे थोडे साठवत राहिला. गेल्या महिन्यात त्याचे एक लांबलचक पत्र आले. समुद्राजवळच्या चाळीस वर्षे जुन्या उंच इमारतीतील दोन खोल्यांची एक सदनिका न्यायालयाच्या लिलावात निघाली आहे. आधीच्या मालकाचे बँकेचे हप्ते थकले, म्हणून गहाणाची जप्ती झाली. आसपासच्या इमारतींत अशी सदनिका दोन लाख वीस हजार डॉलरला जाते. ही एक लाख चाळीस हजारांच्या आसपास मिळेल असा त्याचा अंदाज. तेवढी शिल्लक त्याच्याजवळ आहे. अडचण एकच. इमारतीचे मासिक देखभाल शुल्क अकराशे पन्नास डॉलर आहे, शेजारच्या इमारतीत ते साडेपाचशे आहे. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "मामू, हे घर घेणे हलाल आहे का? आणि हलाल असेल, तर शहाणपणाचे आहे का?"

त्याने हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडले आहेत. पहिला धर्माचा आणि दुसरा हिशेबाचा, असे त्याला वाटते. मला मात्र दुसऱ्याचे उत्तर नीट शोधल्याखेरीज पहिल्याचे सापडत नाही, म्हणून आधी हिशेबच पाहू.

दोन इमारतींच्या शुल्कात दरमहा सहाशे डॉलरचा फरक, म्हणजे वर्षाला ७,२०० डॉलर. किमतीत मिळणारी सवलत ८०,००० डॉलरची. हे शुल्क एक पैसाही वाढले नाही असे धरले, तरी अकरा वर्षांत सगळी सवलत संपते. जो माणूस त्या घरात आयुष्य काढणार आहे, त्याला ते स्वस्त नाही. त्याने किमतीचा एक भाग लिलावाच्या दिवशी दिला आणि उरलेला दरमहा, एवढेच. बाजाराला हे कळते, म्हणूनच बोली खाली येते. जप्तीमुळे घर थोडे स्वस्त झाले असेल. पण बऱ्याच अंशी ते त्या शुल्कामुळेच स्वस्त आहे. कमी किमतीला नशीब आणि जास्त शुल्काला जुलूम म्हणणारा माणूस एकाच वस्तूला दोन नावे देत असतो.

हे शुल्क इतके का आहे, याचे उत्तर शोधताना २४ जून २०२१ च्या रात्रीकडे जावे लागते. मायामीच्या उत्तरेला सर्फसाइड नावाच्या गावात चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत, लोक झोपेत असताना, निम्म्याहून अधिक कोसळली. ९८ माणसे गेली. इमारत १९८१ ची. तरणतलावाच्या आवाराखालच्या स्लॅबला मोठी हानी झाल्याचे एका अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिले होते. त्यानंतर मालकसंघात वाद झाले, पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि अखेर २०२१ च्या एप्रिलमध्ये सुमारे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची विशेष वर्गणी मंजूर झाली. एकेका मालकावर सुमारे ऐंशी हजारांपासून तीन लाखांहून अधिक डॉलरचा बोजा येणार होता. काम पुरते सुरू होण्याआधीच इमारत पडली. केवळ दुरुस्ती लांबल्यामुळे ती पडली, असे एका वाक्यात म्हणणे न्यायाचे होणार नाही. तपासात मूळ रचनेतही उणिवा आढळल्या. परंतु ज्या भाराकडे वर्षानुवर्षे पाहायचे टाळले गेले, तो शेवटी एकदम अंगावर आला, हे नाकारता येत नाही.

त्याआधी फ्लोरिडात मालकांना बहुमताने ठराव करून दुरुस्तीचा राखीव निधी न भरण्याची किंवा कमी भरण्याची मुभा होती. मासिक शुल्क कमी दिसे, सदनिका सहज विकल्या जात, सगळे खूश. २०२२ च्या कायद्याने तीन आणि त्याहून अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची केली आणि बांधकामाच्या मुख्य भागांसाठीचा निधी टाळण्याची वाट बंद केली. पुढे २०२५ मध्ये काही सवलती दिल्या गेल्या, पण मूळ बंधन राहिले. विम्याचे दरही त्याच काळात चढले. भाच्याच्या पत्रातले अकराशे पन्नास डॉलर असे आले आहेत. चाळीस वर्षे जे भरायचे राहिले, ते आता भरले जात आहे.

मुंबईकर वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या सोसायट्यांतही सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी असतो, आणि वार्षिक सभेत तो वाढवायचा विषय निघाला की काय होते हे सांगायला नको. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. तेथील कारणे निराळी होती. पण जुन्या भाड्याच्या इमारतींत नाममात्र भाड्यामुळे दुरुस्तीला कोणी वाली उरत नाही, हे त्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

आता धर्माकडे वळू. ह. आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस अबू दाऊदमध्ये आहे. एकाने गुलाम विकत घेतला, काही काळ त्याच्या कामाचे उत्पन्न घेतले, मग दोष आढळल्याने परत केला. विक्रेत्याने त्या मधल्या उत्पन्नावर हक्क सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो मान्य केला नाही. ज्याच्याकडे जोखीम, त्याच्याकडे उत्पन्न, असा निवाडा दिला. फिकहच्या पंडितांनी त्यावर मोठी इमारत उभारली आणि उस्मानी काळातील 'मजल्ला' या संहितेत ८५ व्या कलमात हाच नियम नोंदवला गेला. लाभाबरोबर भारही येतो, हे ८७ व्या कलमात. आपण हे नियम बहुधा नफ्याला लावतो. मला ते मासिक शुल्कालाही लागू वाटतात. ज्या छपराखाली मी झोपतो, त्याच्या सळईला लागणाऱ्या गंजाची जबाबदारी माझी नसेल, तर ते छप्पर कोणत्या अर्थाने माझे?

बुखारीतील ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांची जहाजाची हदीस बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना अडवले नाही, तर सगळेच बुडतात. ती वाचताना आपले लक्ष नेहमी भोक पाडणाऱ्याच्या हातातील कुऱ्हाडीकडे जाते. मालकसंघाच्या बैठकीत कोणी कुऱ्हाड आणत नाही. तेथे फक्त हात वर करून दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली जाते. भाचा आज त्या सभेचा सदस्य नाही. घर घेतले की होईल, आणि तेव्हा त्याचा हात कोणत्या बाजूला उठेल हे घर घेण्यापूर्वीच ठरायला हवे. शुल्क परवडत नसताना सवलतीला भुलून आत जाणारा मालक उद्या सभेत काय बोलेल, ते आजच सांगता येते.

मग तो दुसरा माणूस राहतो, ज्याचे ते घर होते. येथे माझे मन अधिक घोटाळले. व्याजाला घाबरून भाचा रोख पैसे साठवत राहिला; आणि जे घर आता त्याच्या ऐपतीत आले आहे, ते व्याजाच्या कर्जात दुसऱ्याने गमावले म्हणून आले आहे. फ्लोरिडातील या लिलावात बोलीच्या पाच टक्के अनामत लागते आणि बाकीची रक्कम लगोलग भरावी लागते, त्यामुळे रोखवाला तेथे वरचढ ठरतो. सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याचा आदेश आहे, आणि कर्ज माफ करणे त्याहून भले म्हटले आहे. तो आदेश धनकोला आहे, हे खरे. परंतु धनकोने तो पाळला नाही, त्याचे फळ खरेदीदाराच्या ताटात पडावे का?

गरजेने नाडलेल्याकडून खरेदी करण्यास मनाई करणारी एक रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. तिची सनद कमजोर मानली गेली आहे. तिच्यावर इमाम खत्ताबी यांनी केलेला विचार मला मोलाचा वाटतो. जबरदस्तीने करवलेला सौदा मुळात होतच नाही. कर्जाने दबलेला माणूस तोट्यात विकतो, तो सौदा कायद्याने होतो, पण दीन आणि माणुसकी सांगते की त्याच्याकडून तसे घेऊ नये, त्याला उसने द्यावे, सवड द्यावी. दिवाळखोराचे राहते घर विकावे की नाही, यावरही मतभेद आहेत. इब्ने कुदामा यांनी 'अल्-मुग्नी'त इमाम अहमद यांचे मत दिले आहे की गरजेचे घर विकू नये. इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते विकावे आणि त्याच्यासाठी भाड्याचे पाहावे. गहाण ठेवलेल्या वस्तूची गोष्ट अर्थातच निराळी. कर्ज फिटले नाही तर ती विकली जावी, यासाठीच ती गहाण असते.

येथपर्यंत आल्यावर मी त्याला "सोडून दे" असे लिहिणार होतो. पण तेथील नियम वाचले आणि थांबलो. लिलावात बँकेचे व इतर देणे फिटून रक्कम उरली, तर ती जुन्या मालकाला मिळते. कमी पडली, तर बाकीची वसुली त्याच्यावर निघू शकते. म्हणजे देवभीरू माणूस लाजून दूर राहिला, तर घर आणखी स्वस्त जाईल आणि त्या गरीब कर्जदाराच्या मानेवर अधिक देणे राहील. दूर राहण्यात मला जी परहेजगारी दिसत होती, ती बरीचशी माझ्याच समाधानाची होती. अजून एक दार उघडे असते. विक्रीचे प्रमाणपत्र दाखल होईपर्यंत जुना मालक पूर्ण देणे भरून घर सोडवू शकतो. खत्ताबींचा सल्ला ज्याला पाळायचा आहे, त्याच्यासाठी ती वेळ लिलावाच्या आधीची आहे.

थकबाकीचे काय, हेही त्याने पाहिले नव्हते. फ्लोरिडाच्या कायद्यात लिलावात घेणारा त्रयस्थ माणूस जुन्या मालकाच्या थकलेल्या शुल्कालाही जबाबदार असतो. पहिल्या गहाणाच्या बँकेने घर स्वतःकडे घेतले, तर तिची जबाबदारी मात्र बारा महिन्यांचे शुल्क किंवा मूळ कर्जाचा एक टक्का, यांपैकी जे कमी असेल तेवढीच. उरलेले त्या इमारतीतले शेजारी भरतात. त्यात पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्याही असतात. कायद्याने बँकेला सूट दिली, ती शेजाऱ्यांच्या खिशातून. यावर कोणी फतवा विचारत नाही.

मी भाच्याला लिहिले की सौदा हलाल आहे, पण एक लाख चाळीस हजार ही त्याची किंमत नव्हे. थकबाकी आणि पुढच्या अकरा वर्षांचा फरक मांडून जे निघेल ते पाहा, आणि शुल्क दरमहा पंधराशे झाले तरी झेपेल का ते विचार. बोली लावशील तर पडेल भावासाठी टपून बसू नकोस. तुझ्या हिशेबाने जे घराचे रास्त मोल निघेल, तेथपर्यंत जा. आणि त्या दारामागे अजून कोणी राहत असेल, तर लिलावाआधी एकदा बेल वाजव.

त्याचे उत्तर परवा आले. त्याच इमारतीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्याला मागील तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मिळाली. गच्चीच्या जलरोधनाचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला आहे. बेल त्याने वाजवली. दार एका वयस्क गृहस्थांनी उघडले, आणि पाऊण तास दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. काय बोलणे झाले ते त्याने लिहिलेले नाही. लिलाव पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी मालकसंघाची सभा आहे, आणि सदस्य नसलेल्याला मागच्या खुर्चीवर बसून ऐकू देतील का, अशी विचारणा त्याने व्यवस्थापकाकडे केली आहे.