अडकलेले दार

अ‍ॅम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी जुन्या गाड्या अजून आढळतात. दार अडकले की मालक हँडल हिसकतो, आणि बिचारे हँडलच तुटते. जाणता मिस्त्री दार प्रथम आत दाबून धरतो. त्याने कुलपाच्या खटक्यावरचा ताण सुटतो; मग हँडल हळूच ओढतो. तेवढ्यानेही न उघडल्यास फटीतून पातळ तेल सोडून रात्रभर थांबतो. गंज व वाळलेले ग्रीस घाईला जुमानत नाहीत.

मंडळीत वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या दोघा भावांना आपण मात्र प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी चारचौघांत बजावतो, "समेट करा!" मत्तय १८:१५ मध्ये प्रभू आधी एकांतात जावयास सांगतो, साक्षीदार मागाहून येतात.

कोणी विचारील, आत दाबणे म्हणजे अन्यायापुढे नमणे नव्हे काय? प्रश्न खरा आहे. ज्याची जमीन भावाने लुबाडली, त्यालाच "तू नमते घे" म्हणणे मला पाप वाटते. नमावे ते मध्यस्थाने. त्याने आपली घाई आणि समेट घडविल्याचा मान सोडावा, व दुखावलेल्याचे पुरते ऐकून घ्यावे. जमीन मात्र परत मागावीच लागेल, आणि तीही लुबाडणाऱ्याच्या घरी एकट्याने जाऊन.