दातांची कवळी आणि दुसऱ्याच्या वाट्याचा सब्र



इमामाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी काहींचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. "मौलाना, नकली दात बसविणे जाइज आहे का?" हा त्यांपैकी एक. ज्याचे दात पडले आहेत तो स्वतः हा प्रश्न क्वचितच विचारतो. विचारतो तो त्याचा मुलगा किंवा जावई. फिकहच्या अंगाने उत्तर एका शब्दाचे आहे: जाइज. पण ते ऐकल्यावर प्रश्नकर्ता चपला शोधता शोधता हळूच जे पुढे जोडतो, त्यातच खरा प्रश्न असतो. "या वयात त्याची गरज आहे का? अब्बा स्वतःच म्हणतात, आता राहिले किती दिवस. सब्र केलेला बरा, नाही का?"

आपल्याशी मला या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. मात्र काही सश्रद्ध घरांत पहिल्या प्रश्नाविषयीही प्रामाणिक शंका असते, म्हणून आधी तिचा विचार करू.

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सौंदर्यासाठी दात कानशीने घासून त्यांच्यात फटी पाडून घेणाऱ्या आणि अशा रीतीने अल्लाहच्या निर्मितीत बदल करणाऱ्या स्त्रियांचा तीत कठोर शब्दांत धिक्कार केला आहे. ही हदीस ऐकलेला माणूस कवळीच्या विचाराने बिचकतो, हे त्याच्या ईशभयाचेच लक्षण आहे. पण येथे काय घडत होते ते पाहावे. दात निरोगी होते, जागच्या जागी होते. तरुण मुलींच्या दातांत नैसर्गिक फटी असतात, म्हणून उतारवयातील स्त्रिया तसे दिसण्यासाठी ते घासून घेत. इमाम नववी (रह.) यांनी या हदीसवर भाष्य करताना स्पष्ट केले आहे, की निषेध सौंदर्याच्या हेतूला आहे, उपचारासाठी किंवा दातातील दोषासाठी असे करावे लागले तर त्यात हरकत नाही. अल्लाहने दिलेले चांगले असताना ते बिघडविणे आणि जे गेले त्याची जागा भरून काढणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

याहून बोलका दाखला हजरत अरफजा इब्ने असअद (रजि.) यांचा आहे. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक करवून घेतले. पण ते लावले की दुर्गंधी येऊ लागे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक करवून घेण्यास सांगितले. आता लक्षात घ्या, ज्या शरीअतीने पुरुषाला सोन्याची अंगठीसुद्धा वर्ज्य केली, तिच्याच प्रेषितांनी (स.) एका पुरुषाच्या चेहऱ्यावर सोने बसविण्यास सांगितले. अरफजा (रजि.) यांना श्वास नाकाविनाही घेता येत होता. प्रश्न चारचौघांत वावरण्याचा होता, आणि तो पुरेसा मानला गेला. इमाम तिर्मिजी (रह.) ही हदीस नोंदवून पुढे लिहितात, की एकाहून अधिक विद्वानांनी आपले दात सोन्याने बांधून घेतले होते आणि या हदीसमध्ये त्यांना आधार आहे.

हनफी ग्रंथांत तर या विषयावर बारीक चर्चा आहे. हलणारा दात इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते चांदीने बांधावा, सोन्याने नव्हे, त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांना सोन्यातही हरकत वाटली नाही. पडलेला दात पुन्हा जागेवर बसवावा का, यावरही मतभेद झाला. हिजरीच्या सहाव्या शतकात होऊन गेलेले इमाम कासानी (रह.) यांनी तो नोंदविला आहे: मृत माणसाचा दात लावणे सर्वांनाच नापसंत, स्वतःचा पडलेला दात पुन्हा बसविण्याविषयी दोन मते, आणि पर्याय म्हणून सुचविलेला दात कशाचा, तर रीतसर जबह केलेल्या बकरीचा! मदरशात हा भाग शिकताना आम्हा मुलांना हसू आवरत नसे. आज वाटते, की त्या बुजुर्गांनी ज्या गांभीर्याने बोळक्या तोंडाचा विचार केला, ते गांभीर्य आपल्या घरांतून हरवले आहे. दात गेल्यावर माणसाने तसेच राहावे, असे त्यांपैकी कोणी सुचविले नाही. वाद होता तो साधनाचा.

शरीअतीने दाताची किंमतही ठरविली आहे. सूरह अल-माइदामध्ये किसासचा नियम सांगताना डोळा, नाक, कान यांच्या जोडीने दाताचा नावानिशी उल्लेख आहे. दियतीच्या नियमात पूर्ण प्राणाची भरपाई 100 उंट आणि एका दाताची 5 उंट. दाढ असो वा पुढचा दात, प्रेषितांनी (स.) सर्व दात सारखे मानले. 32 दातांचा हिशेब केला तर 160 उंट होतात, म्हणजे प्राणाच्या दियतीहूनही अधिक. फुकहांच्याही हे ध्यानात आले होते आणि त्यावर त्यांनी चर्चा केली आहे. कोणी दुसऱ्याचा एक दात पाडला तर पाच उंट, आणि आपल्या घरात आईचे सर्व दात एकेक करून गेले तर त्याची दखल कोण घेतो?

आता सब्राकडे वळू. सब्राचा आधार घेणारे उहुदचा दाखला देतात, आणि तो खरा आहे. हिजरी 3 मधील त्या लढाईत प्रेषितांचा (स.) पुढचा दात तुटला, चेहरा रक्ताने माखला आणि ते त्यांनी सोसले. परंतु ज्यांनी स्वतःचा तुटलेला दात सोसला, त्याच प्रेषितांनी (स.) अरफजा (रजि.) यांना नाकाविना राहण्याचा उपदेश केला नाही. चांदीचे जमले नाही, तर सोन्याचे करा, असे सुचविले. स्वतःच्या वाट्याला सब्र आणि दुसऱ्याच्या वाट्याला उपाय, अशी ती रीत होती. आपण ती उलटी केली आहे. आपली दाढ दुखली तर दुपारीच दवाखाना गाठतो आणि अब्बांना सब्राचे महत्त्व समजावतो.

"पण अब्बाच नको म्हणतात," असे आपण म्हणाल. होय, म्हणतात. ज्या पिढीने आयुष्यभर ईदचे नवे कपडे आधी मुलांना शिवले, ती पिढी स्वतःच्या तोंडासाठी काही हजार रुपये मागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यांच्या नकारात फीची धास्ती असते, उपकाराचे ओझे नको असते, दात काढण्याची भीती असते. आणि कधी खरोखरीची विरक्तीही असते. ती खरी असेल तर तिचा मान राखावा. कोणाच्या तोंडात बळेच कवळी बसविणे ही सेवा नव्हे. पण नकार पहिल्याच वेळी, तोही सुटकेच्या भावनेने स्वीकारणारा मुलगा विरक्तीचा मान राखतो आहे की आपल्या खिशाचा, हे त्याचे त्यालाच ठाऊक. सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांशी "उफ"देखील न बोलण्याची आज्ञा आली, ती ते आपल्याजवळ वार्धक्याला पोहोचतील त्या काळाचा उल्लेख करून. वार्धक्य केवळ गुडघ्यांतून येत नाही. चहात बुडवलेला पाव, दुधात कुस्करलेली भाकरी आणि पातळ वरण, या तीन पदार्थांत एखाद्या माणसाचा वर्षानुवर्षांचा आहार आटोपतो. बकरी ईदला घरभर मटणाचा वास दरवळत असताना त्याच्यापुढे रश्श्याची वाटी येते. आणि वलीम्याला "मला भूक नाही" असे सांगून घरीच थांबलेल्या दादीला भूक असते, फक्त चारचौघांत बोळक्या तोंडाने खायची लाज वाटते. हा सब्र म्हणावा, की लादलेला एकांतवास?

यातील एक गोष्ट माझ्या कामाशी निगडित आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. तजवीद शिकलेल्यांना ठाऊक आहे, की से, ज़ाल आणि ज़ोय ही अक्षरे जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावून उच्चारली जातात. फे हे अक्षर वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकून. दातच नसतील तर ही अक्षरे कोठून निघणार? सूरह फातिहात यांपैकी एकटा ज़ाल येतो, तोही एकदाच. पण सीन आणि साद यांची स्वच्छ शीळही दातांवाचून फसफसते. ज्याला उच्चार साधत नाही तो मअजूर आहे, त्याची नमाज होते, याविषयी कोणाही वृद्धाने मनात किंतु आणू नये. मात्र चाळीस वर्षे तरावीह पढविलेला हाफिज पुढचे दात गेल्यावर आपणहून मागच्या सफेत जाऊन उभा राहतो आणि घरातही मोठ्याने तिलावत करीत नाही, तेव्हा गेलेले केवळ दात नसतात. योगायोग असा, की नवी कवळी बसविल्यावर बोलणे सुधारण्यासाठी दंतवैद्य मोठ्याने वाचनाचा सराव करायला सांगतात. आपल्या घरात त्यासाठी तिलावतीहून चांगले वाचन कोणते?

कवळी जाइज असली तरी हेतूची तपासणी उरतेच. निरोगी दात केवळ अधिक शुभ्र व सरळ दिसावेत म्हणून घासून त्यांवर पांढरी आवरणे चढविण्याची जी टूम आज तरुणांत आहे, तिला अरफजा (रजि.) यांच्या दाखल्याचा आधार मिळत नाही, ती इब्ने मसऊद (रजि.) यांच्या हदीसच्या अधिक जवळ जाते, असे माझे मत आहे. अपघातात पुढचे दात गेलेल्या तरुणाने किंवा तरुणीने ते जरूर बसवून घ्यावेत; मात्र निकाहाची बोलणी चालू असतील तर समोरच्या घराला ते सांगावे. दात लावण्यात फसवणूक नाही, लपविण्यात असू शकते. आणि पुरुषाने केवळ मिरविण्यासाठी सोन्याचा दात बसविणे अर्थातच वर्ज्य आहे. आज इतर साधने सहज मिळत असताना सोन्याकडे जाण्याचे कारणही उरलेले नाही.

ज्यांनी मनावर घेतले असेल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. चांगली कवळी त्या एकाच तोंडाच्या मापाची असते. दात काढल्यावर हिरड्या भरून येण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात; मधुमेह असेल तर जखम सावकाश भरते. त्यानंतर हिरड्यांचे माप, जबडे मिटण्याची ठेवण, मेणावर दात लावून घेतलेली चाचणी, आणि मग पक्की कवळी, असे चार-पाच हेलपाटे होतात. हे टाळण्यासाठी स्वस्तात, घाईने बनविलेली कवळी हिरड्यांना टोचते आणि आठवड्याभरात कपाटातल्या डबीत जाऊन पडते. नंतर "आम्ही करून दिली होती, तेच घालत नाहीत" असे पाहुण्यांना सांगितले जाते. घालत नाहीत, कारण ती खुपते. नीट बनविलेली कवळीही पहिले काही दिवस परकी वाटते, खालची अधिकच. ती पुन्हा दाखवून घासून घ्यावी लागते. हिरड्या काळानुसार झिजतात, म्हणून काही वर्षांनी सैल होते. येथे सब्र लागतो, आणि तो सोबत जाणाऱ्या मुलाला लागतो. पैशाइतकीच आवश्यकता असते ती त्याने काढलेल्या अर्ध्या दिवसांची.

तहारतीचे नियम थोडक्यात. वुजूमध्ये चूळ भरणे सुन्नत आहे. कवळी न काढताही वुजू होतो. फर्ज गुस्लमध्ये हनफी मतानुसार तोंडाच्या आत पाणी पोहोचविणे फर्ज आहे, म्हणून काढता येणारी कवळी काढून चूळ भरावी. कायमचे बसविलेले दात काढण्याची आवश्यकता नाही. कोकणातील आपले शाफई बांधव गुस्लमध्येही चूळ भरणे सुन्नत मानतात, त्यांच्यासाठी याहून सवलत आहे. एकाच घरात सून रत्नागिरीची आणि सासर औरंगाबादेचे असेल तर यावरून वाद घालू नये. कवळीमुळे रोजा तुटत नाही. मात्र सहरीनंतर, वेळ संपण्यापूर्वी ती काढून धुवावी, म्हणजे अडकलेले अन्नकण दिवसा घशात जाणार नाहीत. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नव्हे. इंतिकालानंतर गुस्ल देताना सहज निघणारी कवळी काढून घ्यावी. बसविलेले दात ओढून काढू नयेत, कारण मय्यतीच्या देहाची हुर्मत जिवंत माणसाइतकीच आहे. म्हणून गुस्ल देणाऱ्याला घरच्यांनी आधीच सांगून ठेवावे, की तोंडात कवळी आहे आणि ती काढती आहे की पक्की.