हजारातलं एक काडतूस

९ मिलिमीटरचं एक काडतूस तळहातावर घ्या. पिस्तूल कुलपातच राहू दे, त्याची गरज नंतर लागेल. काडतुसाचं वजन १२ ग्रॅमच्या आसपास. त्यातले ८ ग्रॅम गोळीचे, पितळी पुंगळी ४ ग्रॅमला थोडी कमी, आणि उरलेल्या चिमटीभरात दारू नि तिला पेटवणारा प्रायमर. हे तुम्ही स्वतः भरलंय, अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात, गॅरेजच्या कोपऱ्यात टेबलाला ठोकून बसवलेल्या प्रेसवर. भारतात परवान्याशिवाय हे करायला गेलात तर १९५९ चा शस्त्र कायदा आड येतो. अमेरिकेत हा हजारो घरांतला रविवार दुपारचा उद्योग आहे.

पुंगळीच्या तोंडावरून अंगठा फिरवा. सावकाश. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, तिच्यावर ते अडकून राहतं. हे काडतूस मात्र चेंबरमध्ये टेकतं ते आपल्या तोंडाच्या कडेवर. गोळी बसवताना ते तोंड तुम्ही जरासं फाकवलं होतं, शेवटी ते फक्त सरळ करायचं असतं, आत दुमडायचं नसतं. जास्त दाबलं तर टेकायची कड गेली. फाकवलेलं तसंच राहिलं तर काडतूस चेंबरच्या तोंडाशी अडकतं. आणि गोळीला पुंगळीची पकड ढिली असेल तर मॅगझिनमधून वर चढताना गोळी आपटून आत सरकते, दारूला जागा कमी पडते, दाब चढतो. अमेरिकी मानकानुसार ९ मिलिमीटरच्या काडतुसात दाबाची वरची मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ २,४०० पट. ती पाळली जाते की नाही, हे तुमच्या अंगठ्याखालच्या कडेवर अवलंबून आहे.

अंगठा तिथेच असू द्या आणि स्वतःला विचारा, हे मी का भरलं?

पहिलं उत्तर पैशाचं येईल. येऊ द्या, ते खोटं नाही. मात्र प्रेस, डाय, तराजू, पुंगळ्या घासायचं यंत्र यांवर किती गेले हे घरच्यांना विचारलेलं बरं. पैशाचं उत्तर बसलं खाली की दुसरं वर येतं: मला हवा तसाच धक्का मिळावा म्हणून. या उत्तरापाशी थोडं थांबू.

मे १९७६ मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी पिस्तूलबाजांची एक परिषद भरली आणि प्रात्यक्षिक नेमबाजीची आयपीएससी ही संघटना जन्माला आली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीद अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचं. तिन्ही सारख्या तोलाचे, त्यामुळे ताकदीचंही माप ठरलं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्या, वेग सेकंदाला किती फूट ते घ्या, गुणा, हजारानं भागा. आज अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या सामन्यात हा आकडा १२५ च्या खाली गेला तर तुमचे गुण धरतच नाहीत. त्यामुळे स्पर्धक १३० च्या आसपास राहतो. हवामानामुळे वेग थोडा घसरला तरी चालतो आणि धक्काही उगाच वाढत नाही. आता गंमत पाहा. ११५ ग्रेनची गोळी ११५० फुटांनी सोडली काय किंवा १४७ ग्रेनची ९०० नं, हिशेब दोन्हीकडे १३२ च येतो. हाताला मात्र फरक कळतो. हलकी गोळी जास्त दारू मागते, आवाज कर्कश, धक्का तुटक. जड गोळी मनगटाला नुसती ढकलते. आपल्या हाताला, आपल्या पिस्तुलाच्या स्प्रिंगला, आपल्या सवयीला बेतून काडतूस भरायचं, यात खरंच सुख आहे, आणि ते सामन्यात कामाला येतं.

पण तुम्ही सामन्याला नाही, पिस्तुलाच्या आठवडाभराच्या वर्गाला निघालात. त्याच १९७६ साली त्याच कूपरनी ॲरिझोनातल्या पॉल्डनजवळ, गनसाइट या आपल्या जागेत, पिस्तुलाची शाळा काढली. आठवडाभराच्या वर्गांचा जो साचा आज देशभर दिसतो, तो बराचसा तिथला. सोमवार ते शुक्रवार, हजाराच्या आसपास काडतुसं, ऊन, धूळ, आणि गुरुवारपर्यंत थकलेले हात. तिथे एका हातानं झाडायला लावतात, मग दुसऱ्या, कच्च्या हातानं. पकड ढिली पडते. पकड ढिली झाली की स्लाइडला मागे जायला पूर्ण जोर मिळत नाही, आणि तुमचं ते जेमतेम १२७ चं मऊ काडतूस नेमकं तिथे मार खातं. बरं, खाल्ला नाही असं धरू. पाच दिवस मऊ धक्क्यावर हात तयार केलात आणि नंतर घराच्या रक्षणासाठी पिस्तुलात कारखान्याची पूर्ण ताकदीची काडतुसं ठेवणार असाल, तर हात कशावर तयार झाला? हा प्रश्न मनात थोडा वेळ घोळू द्या. माझं उत्तर स्पष्ट आहे, तुमचं वेगळं निघालं तरी चालेल.

आता यापेक्षा जड विचाराकडे जाऊ. श्वास जरा लांब घ्या.

प्रेसचं हँडल खाली ओढलं की एक काडतूस तयार होतं. पुन्हा ओढलं, दुसरं. हात लयीत चालतो आणि त्यातच धोका असतो. ती दुपार आठवा. मधेच फोन वाजला होता का? प्रायमर अडकला म्हणून हँडल अर्ध्यावरून परत नेलं होतं का? अशाच वेळी एखादी पुंगळी दारूविना पुढे सरकते, नाहीतर एखादीत दोनदा पडते. झटपट जळणारी दारू पुंगळी निम्मीही भरत नाही, त्यामुळे दोनदा पडलेली ओसंडून दिसत नाही. जाणते लोक मुद्दाम फुगीर दारू निवडतात. ती दोनदा पडली तर टेबलावर सांडते, चूक डोळ्यांना दिसते. खर्च थोडा वाढतो. वाढू दे.

दारूच नसलेलं काडतूस झाडलं की काय होतं ते सावकाश, एकेक क्षण डोळ्यांपुढे आणा. चाप ओढला. एकटा प्रायमर फुटला, लवंगी फुटावी तसा ‘फट्’ आवाज. तेवढ्या जोरानं गोळी पुंगळीतून सुटली, नळीत शिरली आणि तिथेच अडकली. स्लाइड हललीच नाही. घरच्या शांत रेंजवर हा फुसका बार तुम्हाला लगेच कळला असता. इथे मात्र दोन्ही बाजूंना दहा-बाराजण एकदम झाडताहेत, कानांवर मफ, समोरचं लक्ष्य तीन सेकंदांत वळणार आहे. तुमचा ‘फट्’ त्या गदारोळात बुडाला. आणि वर्गात दोन दिवस तुमच्या हातांना शिकवलंय तरी काय? पिस्तूल वाजलं नाही, तर मॅगझिनच्या बुडाला थाप, स्लाइडला झटका, आणि पुन्हा चाप. विचार न करता. झटक्यासरशी रिकामी पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत. त्याच्या पुढ्यात नळीत एक गोळी आधीच बसलेली.

गोळी अगदी चेंबरच्या तोंडाशी अडकली असेल तर नवं काडतूस पूर्ण आत जात नाही, स्लाइड मिटत नाही, आणि नशीब म्हणायचं. थोडी पुढे गेली असेल तर सगळं सुरळीत बसतं. मग नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे शिक्षकानं शिकवलेली सवय आणि तुम्ही भरलेली चूक, दोन्ही एकाच चापाशी येऊन भेटतात. सवय जितकी पक्की, तितकी ती चूक महाग पडते. अनेक शाळा घरी भरलेली काडतुसं आणूच नका म्हणतात, काही तुमच्या जबाबदारीवर आणू देतात. या मनाईचा लोकांना राग येतो. मला यात अपमान दिसत नाही. फुसका बार कारखान्याच्या डब्यातही निघतो, हे शिक्षकांना पुरतं ठाऊक असतं. पण कारखान्यात तपासणीची एक साखळी असते आणि तुमच्या गॅरेजमध्ये तपासणारे तुम्हीच, तेही रविवारी, जेवणानंतर. हजारांतली ९९९ बिनचूक भरणारे पुष्कळ भेटतात.

तरीही शाळेची परवानगी असेल आणि तुमचं मन म्हणत असेल की हीच न्यायची, तर आता पिस्तूल काढा. रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, नळी सोडवून तोंड खाली करून धरा. एकेक काडतूस चेंबरमध्ये सोडा. पडताना ‘टक’ असा नेमका आवाज यायला हवा. बोटानं फिरवलं तर फिरायला हवं, नळी उलटी केली तर आपल्या वजनानं बाहेर यायला हवं. बुडावरून बोट फिरवा. प्रायमर वर आलेला असेल तर बोटाला खुपतो. तो बाजूला. थोडंसं बाक असलेलं, जास्त घासलेलं, ज्याच्याकडे बघून मन क्षणभर अडखळतं, तेही बाजूला. अडखळण्याचं कारण शोधत बसू नका. ज्या डब्यावर तारीख, दारू आणि वजन लिहिलेलं नाही तो अख्खा डबा बाजूला, कितीही जड वाटला तरी. हजार काडतुसांना यात एक संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ नसेल तर निर्णय झालाच: दुकानातून साधी, एकाच लॉटची पेटी आणा.

साधी आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली. या ‘एकाच लॉट’मागे मोठी अक्कल आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात चालणारं .२२ चं काडतूस घरी भरायची सोयच नाही, त्याचं स्फोटक बुडाच्या कडेत असतं आणि पुंगळी एकदाच कामाची. अशा खेळात वरच्या पातळीवरचे नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून बघतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तो साठवून ठेवतात. स्वतः काही घडवायचं नाही, फक्त नीट निवडायचं. हे कसबही छोटं नाही.

आणखी एक प्रसंग मनात रंगवून पाहा. बुधवारी दुपारी शेजारचा म्हणतो, माझी संपत आलीत, पन्नास देता का? दुकानातली पेटी असेल तर तुम्ही हसत पुढे सरकवता. तुमची असतील तर देता येत नाहीत. तुमच्या पिस्तुलात जे चालतं ते त्याच्या आखूड चेंबरमध्ये टेकेलच असं नाही. उद्या काही फुटलं तर ते तुमच्या हातचं होतं. जुने लोक सांगतात, दुसऱ्याचं भरलेलं झाडू नये, आपलं दुसऱ्याला देऊ नये. आता ‘नाही’ म्हणताना तुमच्या तोंडून कोणतं वाक्य येतं ते ऐका, आणि तेच वाक्य स्वतःला लागू करून बघा.

प्रेसचा एक उपयोग मात्र मी कोणत्याही वर्गासाठी सुचवीन. पन्नासेक नकली काडतुसं बनवा. दारू नाही, प्रायमर नाही, नुसत्या पुंगळीत बसवलेली गोळी, आणि पुंगळीला आरपार भोक, म्हणजे खऱ्यांत मिसळली तरी ओळखू येतील. ती वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पहिल्या दिवशीच शिक्षकांना दाखवा. त्यांना चालत असेल तर जोडीदार तुमच्या मॅगझिनमध्ये खरी-नकली मिसळून भरतो, तुम्हाला न दाखवता. तुम्ही चाप ओढता, खटका पडतो, बार होत नाही, आणि तरी धक्क्याच्या भीतीनं पिस्तुलाचं तोंड खाली जातं. सगळ्या रांगेला दिसतं. सोमवारी दिसलं तर बरं, शुक्रवारपर्यंत त्यावर काम करता येतं.