कोरड्या वाटीचा न्याय

प्रयोगात जे केले त्याची नोंद सगळेच ठेवतात. जे मुद्दाम केले नाही त्याची नोंद ठेवणारा विरळा. सहावी ते आठवीच्या मुलांकडून हरभऱ्याचे दाणे रुजवून घेताना हे दरवर्षी दिसते. रुजायला उजेड लागतो का, एवढाच प्रश्न असतो. दोन वाट्या, दोन्हींत ओला कापूस, एक खिडकीत आणि दुसरी कपाटात. पण खिडकीतला कापूस उन्हाने दुपारपर्यंत वाळतो, आणि चौथ्या दिवशी मुले छातीठोकपणे सांगतात की बी अंधारातच रुजते. उजेड बदलला त्याबरोबर ओलावाही बदलला, ऊबही बदलली. मग उत्तर नेमके कोणी दिले?

बदलणाऱ्या गोष्टीला मराठी पुस्तकांत ‘चल’ म्हणतात, आमच्या उज्जैनच्या हिंदी पुस्तकांत ‘चर’. मराठी घरातल्या पोराला ‘चर’ म्हटले की शेतात खणलेला चर आठवतो, आणि हिंदी पोराला ‘चल’ म्हटले की ते दप्तर उचलून निघते. शब्दांची गंमत सोडा. नियम दोन्ही भाषांत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, उरलेल्या जशाच्या तशा राखायच्या, आणि जिला हातच लावला नाही अशी एक वाटी शेजारी ठेवायची. पाण्याचा परिणाम पाहायचा असेल तर एक वाटी कोरडीच ठेवावी लागते. तिच्यातले दाणे रुजत नाहीत, पण ओल्या वाटीबद्दल खरे बोलण्याचा अधिकार तीच आपल्याला देते.

हा अधिकार नसताना आपण किती सहज बोलतो, याचे मोठे उदाहरण आमच्याच मध्यप्रदेशात घडले. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आजचे नर्मदापुरम) सोळा माध्यमिक शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक हाताशी ठेवायचे, आणि परीक्षाही पुस्तक उघडून द्यायची. 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला. 1982 साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढे उज्जैन-देवासकडच्या शाळांपर्यंतही तो आला. 2002 साली राज्य शासनाने तो बंद केला. ही मुले पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता.

आक्षेप खरा की खोटा, यात मी शिरत नाही. मला त्याची मांडणी तपासायची आहे. मागे पडतात म्हणजे कोणाच्या मागे? दुसऱ्या जिल्ह्याच्या म्हणावे, तर तिथली जमीन, शाळा, शिक्षकांच्या बदल्या, पालकांची मिळकत, सारेच निराळे. त्याच जिल्ह्याच्या जुन्या निकालांशी ताडून पाहावे, तर सत्तरच्या दशकातच तवा धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी आले, शेतीचे रूप पालटले. खिडकीतल्या वाटीचाच हा प्रकार. आणि हे समर्थकांनाही तितकेच लागू आहे. कार्यक्रमामुळे मुले विचार करू लागली असे म्हणणाऱ्यानेही दुसरी वाटी दाखवायला हवी. सोळाच शाळा होत्या तेव्हा जिल्ह्यातच तुलनेला जागा होती. कार्यक्रम सगळीकडे गेला आणि शेजारची वाटी उरली नाही.

पण ती उरावी असे म्हणणे तरी न्याय्य आहे का? चांगले वाटते ते अर्ध्या मुलांना द्यायचे आणि उरलेल्यांना केवळ तुलनेसाठी वंचित ठेवायचे? हरभऱ्याच्या दाण्याला हा प्रश्न पडत नाही, मुलाच्या आईला पडतो. ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन देऊन पाहिले, त्याचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. 55 रुग्णांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14. औषध सगळ्यांना पुरेल इतके नव्हतेच, म्हणून कोणाला द्यायचे हे वशिल्याने न ठरवता बंद लिफाफ्यांतून ठरवले गेले. टंचाई होती म्हणून ते करणाऱ्यांचे मन थोडे तरी निर्धास्त राहिले असेल. औषध मुबलक असते तर?

आता घरातली गोष्ट. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात मराठी घरे आहेत. शाळा हिंदी, घर मराठी. पोरगा सातवीत विज्ञानात मागे पडला की कोणीतरी सांगते, घरी मराठी बोलता ना, म्हणून. बेळगाव-बिदरकडच्या वाचकांना हे वाक्य कन्नडच्या संदर्भात ओळखीचे असेल. मग एका रविवारी ठरते: उद्यापासून घरात हिंदीच. आजी गप्प बसू लागते. त्याच महिन्यात ट्यूशन लागते, चष्मा लागतो, वर्ग बदलतो. सहामाहीला गुण वाढले की श्रेय कोणाला? बहुतेक वेळा ते मराठी सोडल्याला मिळते. आणि धाकट्याच्या बाबतीत तर मराठी आधीच बंद झालेली असते. ‘एकाच घरात वाढलेत दोघे’ म्हणून भावाभावांची तुलना करणारे पालकही मला भेटतात. पण थोरल्याच्या वाट्याला आलेले घर आणि धाकट्याच्या वाट्याला आलेले घर एक नसतेच.

अशा पालकांना मी एवढेच सुचवतो की आधी डोळे तपासा, पुढच्या बाकावर बसवा, आणि सहामाहीपर्यंत घरच्या भाषेला हात लावू नका. मराठी सोडणे मागाहूनही जमते. सोडलेली मराठी परत आणणे जमताना मी फारसे पाहिलेले नाही. काही जण ऐकतात. एका गृहस्थांनी मात्र सरळ विचारले, ‘सर, तोवर पोराचे वर्ष गेले तर?’ प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही दोघांनी मिळून त्या मुलाची प्रयोगवही उघडली आणि त्याचे नेमके कुठे अडते ते पानापानाने पाहू लागलो.