चौथं ऋण

चालू रस्ता बंद करण्याचा अधिकार माणसाला कुठून येतो? भंडारा शहरात आणि आसपासच्या गावांत पाइपलाइन दुरुस्तीच्या कामांवर माझी हयात चालली आहे, आणि प्रत्येक खोदकामाला हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो. कागदावर उत्तर सोपं आहे. परवानगीचं पत्र असतं, पोलिसांना कळवलेलं असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांना बंदी घालता येते. पण ज्याची वाट अडते त्याला कोणी विचारलेलं नसतं. बहुतेक वेळा ज्या नळासाठी आम्ही खोदतो, त्याचा थेंबही त्याच्या घरी जाणार नसतो. धान घेऊन तुमसरच्या बाजाराला निघालेला ट्रॅक्टरवाला, साकोलीहून नागपूरला मोठ्या दवाखान्यात हलवलेला पेशंट, सायकलवर शाळेत निघालेली पोरगी. या सगळ्यांकडून आपण वेळ घेतो. घेतलं ते फेडायचं कसं, हा मला धर्माचा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे तीन ऋणं सगळ्यांना पाठ आहेत: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. तैत्तिरीय संहितेत तीनच सांगितली आहेत आणि तीच रूढ झाली. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथं येतं, मनुष्यऋण. आलेल्याला आसरा द्यायचा, जेवू घालायचं, अशी त्याची फेड तिथे सांगितली आहे. हे चौथं मागे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. पूजा, अध्ययन, संतती यांनी पहिली तीन फिटतात आणि ती बहुतेक आपल्या घरातच फिटतात. चौथं अशा माणसाचं आहे ज्याचं नावगावही आपल्याला ठाऊक नसतं. रस्त्यात थांबलेला माणूस याच अर्थाने माझा अतिथी आहे. तो माझ्या दारात आलेला नाही, मीच माझा खड्डा त्याच्या वाटेत नेला आहे. म्हणून त्याचं देणं जास्तच.

आणि आपल्या देशात रस्ता अडवणं ही कधीच साधी गोष्ट नव्हती. केरळात वैकमच्या मंदिराभोवतालचे रस्ते धर्माच्याच नावाने काही जातींना बंद होते. त्या रस्त्यांवर नुसतं चालता यावं म्हणून १९२४ साली सत्याग्रह सुरू झाला आणि तो दीड वर्षाहून जास्त चालला. पाण्याचंही तसंच, महाडच्या चवदार तळ्याचा लढा १९२७ चा. ज्या बाबासाहेबांनी ते पाणी खुलं करायला सत्याग्रह केला, तेच १९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यातून उभे राहिले होते. निवडून आले नाहीत, पण इथली म्हातारी माणसं त्या निवडणुकीची आठवण अजून काढतात. रस्ता सर्वांचा असणं ही अशी लढून मिळवलेली गोष्ट आहे. तो तासाभरासाठी काढून घेणाऱ्याने त्याचा हिशेब द्यायला हवा.

उलट बाजूही याच मातीत आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्या धम्माचा उपासक असलेल्या अशोकाने वाटांवर विहिरी खोदल्या, झाडं लावली, माणसांसाठी आणि जनावरांसाठी, आणि ते शिलालेखात कोरून ठेवलं. वाटेवरचं खोदकाम तेव्हाही होतं, पण ते वाटसरूसाठी होतं. आमचं खोदकाम त्याला आडवं येतं, म्हणून त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

ती घ्यायची कशी? माझ्या मते सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं: माणसाला वळता येत असतानाच सांगणं. खड्ड्याच्या तोंडाशी ‘काम चालू, रस्ता बंद’ असा फलक लावला म्हणजे कायद्याचं समाधान होत असेल, पण तिथवर आलेल्या ट्रकला मागे फिरता येत नाही. फलक अलीकडच्या चौकात हवा. रस्त्याच्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतही कामाच्या बरंच अलीकडे सूचनेचा टप्पा आखायला सांगितलं आहे. इंजिनिअर त्याला सुरक्षितता म्हणतील. मला त्यात समोरच्याचा मान दिसतो. वेळ आपण घेतोच आहोत, निदान कुठून जायचं ते तरी त्याचं त्याला ठरवू द्यावं.

रात्री मेन लाइन फुटते तेव्हा हे सगळं कसाला लागतं. डांबरावर नुसती ओल दिसते, आतून पाणी मुरूम वाहून नेत असतं आणि वरचा रस्ता पोकळ झालेला असतो. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावलं की फुटल्या जागेचा सूं-सूं आवाज येतो. व्हॉल्व्ह बंद केला तरी लाइन रिकामी व्हायला वेळ लागतो. अशा वेळी परवानगीची वाट पाहता येत नाही हे मान्य. पण कळवण्यातून सुटका नाही. जेसीबीचा पहिला पंजा पडण्याआधी आमचा एक माणूस टॉर्च घेऊन चौकात जातो. चौघे खणतात आणि एक नुसता उभा, त्याला हजेरी कशाची, असं मला विचारलं गेलं आहे. माझ्या लेखी त्या रात्री सर्वांत मोठं काम तोच करत असतो.

पायी चालणाऱ्याचं वेगळं. मोटारीला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे थोडं पेट्रोल. डोक्यावर भाजीची पाटी असलेल्या बाईला तोच वळसा म्हणजे अर्धी सकाळ. “कावून जी भाऊ, इकडून जाता नाही येत का?” असं कोणी विचारलं की ‘पलीकडून जा’ म्हणणं मला जमत नाही. चरावर जाड फळी टाकायची, ती डगमगू नये म्हणून दोन्ही टोकांना माती दाबायची, आणि एकाने हात द्यायला उभं राहायचं. घराघरापुढच्या चरालाही तेच.

लोकांनी जरा सोसायला शिकावं, असं अशा वेळी काही जण म्हणतात. सोसणं मोठा गुण आहे, पण जो त्रास देतो त्याने तो मागू नये. थांबलेला माणूस आपणहून ‘होऊ द्या तुमचं काम’ म्हणाला तर तो त्याचा मोठेपणा.

सर्वांत अवघड फेड शेवटी असते, खड्डा बुजवताना. मुरूम थोडा थोडा टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायचं, मग वरचा थर. घाईत सगळी माती एकदम लोटली तरी वरून दिसतं सारखंच. पहिल्या पावसात ती बसते आणि मोटारसायकलचं चाक आत जातं. खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, आणि तो हवाच होता. पण मला ती पाळी यायच्या आधीचं पाहायचं असतं. थर ठोकले जात असताना तिथे बहुधा कोणी नसतं, म्हणून मी थांबतो. पाऊस सुरू झाला की उन्हाळ्यात बुजवलेल्या जागांवर एक फेरी मारतो. दबलेलं दिसलं तर मुरूम मागवतो, तक्रार आलेली असो वा नसो.