निर्वाणानंतरची पूजा कोणाला पोचते?

थेरवादी बौद्ध परंपरेतील कालगणना बुद्धाच्या जन्मापासून किंवा संबोधीपासून सुरू होत नाही. ती त्याच्या महापरिनिर्वाणापासून, म्हणजे अंतिम देहावसानापासून, इसवी सनापूर्वी ५४४ हे वर्ष धरून मोजली जाते. आधुनिक संशोधक हे वर्ष बरेच अलीकडे आणतात, पण श्रद्धेचे गणित पहिल्याच आकड्यावर चालते, आणि त्यानुसार १९५६ मध्ये या घटनेला २५०० वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव भारतासह अनेक देशांत झाला. ज्या धर्माला नित्य आत्मा मान्य नाही, त्याने आपला काळ एका मृत्यूपासून मोजावा, ही गोष्ट वरवर वाटते तेवढी सरळ नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘बौद्ध-धर्म-दर्शन’ या हिंदी ग्रंथाचे कर्ते आचार्य नरेंद्र देव, ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि २० डिसेंबरला संत गाडगे महाराज निवर्तले. एका वर्षात मरण पावलेल्यांना एकत्र आणणारा धागा बहुधा योगायोगाचाच असतो. मात्र शेवटच्या दोन मृत्यूंनी एक जुना तात्त्विक प्रश्न महाराष्ट्रापुढे नव्याने उभा केला. जो गेला तो कोठेही उरलेला नाही असे मानणाऱ्यांनी त्याचे स्मरण करायचे ते कोणासाठी?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील एक श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची होती, आणि त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी त्या अनुयायांवर बाबासाहेबांनाच निरोप देण्याची वेळ आली. श्राद्ध म्हणजे पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांना अन्नोदक अर्पण करून तृप्त करण्याचा विधी. त्यात मृताला काही गरज आहे, ती वंशजाने भागवायची आहे आणि ब्राह्मणाला घातलेले भोजन पितरांपर्यंत पोचते, ही तीन गृहीतके असतात. यांपैकी शेवटच्यावर चार्वाकांनी फार पूर्वीच बोट ठेवले होते: इथे घातलेल्या जेवणाने परलोकातला तृप्त होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. नागपूरच्या प्रतिज्ञेत हा तर्क आहेच, पण त्यापलीकडेही काही आहे. कारण श्राद्धाबरोबर पुरोहिताची मध्यस्थी जाते आणि स्मरणाचा अधिकार जन्मावरून ठरवणारी उतरंडही जाते.

आंबेडकरांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्माची जी मांडणी आहे, तीत आत्मा देहांतर करत नाही; देहाची घटकद्रव्ये विश्वातील तशाच द्रव्यांत मिसळतात आणि पुन्हा जुळून येतात, एवढेच तिथे मान्य केले आहे. अशा विचारात मृताला उद्देशून काहीही करण्यास जागा उरत नाही. ही अडचण बौद्ध परंपरेला अपरिचित नव्हती. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्षू नागसेनाला पेचात पकडतो: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो परिनिर्वाण पावलेला नाही, जगाशी अजून बांधलेलाच आहे, आणि स्वीकारत नसेल तर ती पूजा निष्फळ आहे. नागसेन पहिला पर्याय निःसंकोच सोडून देतो. बुद्ध काहीही स्वीकारत नाही, हे त्याला पूर्ण मान्य आहे. नाकारतो ते एवढेच की त्यामुळे पूजा वाया जाते. मोठा वणवा विझला म्हणून जगातून अग्नी नाहीसा होत नाही, ज्याला हवा तो आपल्या बळाने लाकडावर लाकूड घासून तो पेटवतो, असा त्याचा दृष्टांत आहे. म्हणजे स्मरणाचे फळ स्मरण करणाऱ्याच्या कृतीत असते, ते घेणारा पलीकडे असावा लागत नाही. बौद्ध साधनेत ज्याला अनुस्मृती म्हणतात, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ, शील इत्यादींच्या गुणांचे पुन्हा पुन्हा चिंतन, तिचा पाया हाच आहे. या उत्तराची किंमतही मोठी आहे, हे मात्र नागसेन सांगत नाही: शोक करणाऱ्याला गेलेल्याशी बोलायचे असते, आणि ती सोय इथे काढून घेतलेली आहे.

गाडगे महाराज बौद्ध नव्हते. त्यांचे कीर्तन वारकरी परंपरेच्या अंगणातले होते, आणि त्या परंपरेला मृत्यूचे कोडे वेगळ्या रीतीने सुटते. संजीवन समाधीच्या कल्पनेनुसार संत गेलेलाच नसतो, तो समाधीत नांदत असतो, म्हणून आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला जाणारा वारकरी अनुपस्थिताची आठवण काढायला जात नाही, तो भेटीला जातो. गाडगेबाबांनी ही सवलत स्वतःसाठी घेतली नाही. मुलाच्या मृत्यूची वार्ता आली असताही त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे त्यांचे चरित्र सांगणारे सांगतात, आणि आपल्यामागे मंदिर वा मूर्ती उभारू नये असे त्यांनी बजावल्याचेही सांगितले जाते. वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचे देहावसान झाले. अमरावतीत त्यांची समाधी झाली, पुढे तेथील विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. शिष्यांनी गुरूची एवढी एक आज्ञा मोडावी, हे संतचरित्रांच्या वाचकाला नवे नाही. पण त्यांनी हयातीत पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांत कोणाही मृताची सोय नव्हती, येणाऱ्या जिवंत माणसाची होती; पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

नागसेनाच्या उत्तराची कसोटी ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या स्मशानभूमीत लागली. तिथे बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. मृताला काही देण्याऐवजी त्याच्या साक्षीने स्वतःवर बंधन घेणे, हा अंत्यविधीचा भाग झाला. पुढे त्याच जागी झालेल्या चैत्यभूमीवरचे स्मरणही श्राद्धासारखे तिथीला बांधले गेले नाही, इंग्रजी तारखेला बांधले गेले, आणि तिथे ६ डिसेंबरला येणारी माणसे पुस्तके विकत घेऊन परततात, हे ग्रंथ लिहिता लिहिता गेलेल्या माणसाच्या बाबतीत पिंडापेक्षा अधिक सुसंगत आहे. तरीही रांगेत उभे राहून हात जोडणारे सगळेच अनुस्मृती करत असतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांतले कित्येक बाबासाहेबांशी बोलत असतात, त्यांच्याकडे काही मागतही असतात. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी धर्मातील भक्ती मुक्तीकडे नेऊ शकते, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. धर्म आणि राजकारण एकाच व्यक्तीत एकवटलेले असताना त्या व्यक्तीपुढे जोडलेले हात यांपैकी कोणत्या भक्तीचे मानायचे, याचा निर्णय मात्र त्या भाषणाच्या आधारे करता येत नाही.