न आलेल्या रुग्णाची नोंद

तापी जशी खानदेशातून सुरतेला येते, तशीच तिच्या काठची माणसेही आली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे उधन्याच्या गाडीने उतरली आणि लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात स्थिरावली. पुरुष लूमवर बारा तासांची पाळी करतात, बाया घरी साड्यांचे धागे कापतात, खडे चिकटवतात. अशा वस्तीतली छोटी आरोग्य केंद्रे मोठ्या रुग्णालयात विलीन करावीत किंवा खासगी संस्थेकडे सोपवावीत, बाकीचे आयुष्मान कार्ड बघून घेईल, हा विचार आता शहरोशहरी रुजतो आहे. मुंबईत २०२५ साली मानखुर्द-गोवंडीतली पालिका रुग्णालये खासगी भागीदारीत देण्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. हा विचार गोडादऱ्याच्या दारात येण्याआधीच पारखून घ्यायला हवा. दवाखाना आलेल्या रुग्णाला तपासतो. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था न आलेल्याला शोधत जाते. पहिले काम विकत मिळते, दुसऱ्याला गिऱ्हाईकच नसते.

सुरतेला हा फरक सप्टेंबर १९९४ मध्ये कळला. प्लेगची बातमी फुटताच लाखो लोकांनी शहर सोडले आणि बरेचसे खासगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलूप लावून गेले. त्यांना भेकड म्हणून काही साधत नाही. खासगी व्यवसायावर थांबण्याचे बंधन नसते, एवढेच. सिव्हिल हॉस्पिटलला मात्र थांबावे लागले. मे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सहा झोन करून अधिकार खाली दिले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले. कचऱ्याबरोबर आजारांचाही दैनंदिन हिशेब लागू लागला. प्लेगचे शहर दोनेक वर्षांत देशातले दुसरे स्वच्छ शहर म्हणून गाजले, त्यात झाडूइतकाच वाटा या हिशेबाचा होता.

हा हिशेब गल्लीतच लागतो. आरोग्य कार्यकर्ती दारात उभी राहून कुणाला ताप आहे का विचारते, बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेते, पाण्याच्या पिंपाचे झाकण उचलून अळ्या बघते. लसीकरणाच्या ‘ममता दिवशी’ कार्ड उघडले की माहेरी बाळंत होऊन परतलेल्या बाईच्या बाळाची कोणती लस राहिली ते कळते. एका गल्लीतले चार ताप चार खासगी दवाखान्यांत गेले तर ते चार सुटे ताप राहतात. एका वहीत आले की डेंग्यूची साथ दिसते. मिठी खाडीचे पाणी घरांत शिरते त्या आठवड्यात तर ही वहीच लिंबायतचा पहिला पहारा असते.

यावर आक्षेप येतो की लोक तर खासगीतच जातात. खरे आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी भागात उपचार घेतलेल्या आजारांपैकी फक्त २६ टक्के सरकारी ठिकाणी गेले होते. पण पाळीवरच्या कामगाराला दिवसाची ओपीडी म्हणजे खाडा. वेळ चुकीची ठेवायची आणि मग गर्दी नाही म्हणून कुलूप लावायचे, हा न्याय उलटा आहे. दुसरा आधार विम्याचा. आयुष्मान योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. साधा ताप, रक्तदाबाची रोजची गोळी आणि लस तिच्या कक्षेबाहेर राहतात. तिसरा मुद्दा खासगी कार्यक्षमतेचा. खासगी डॉक्टरांकडून गरीब स्त्रियांची मोफत बाळंतपणे करून घेणारी गुजरातची चिरंजीवी योजना २००५ पासून नावाजली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या अभ्यासाला मात्र तिच्यामुळे रुग्णालयातल्या बाळंतपणांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. राहता राहिले विलीनीकरण. मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ असतात, पण गोडादऱ्यातली खोकल्याची रांग तिथे नेली तर तज्ज्ञांचा वेळ खोकल्यात जाईल आणि कामगाराची रोजी रिक्षात.

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने २०१३ मध्येच ५०,००० लोकांमागे एक केंद्र हे प्रमाण ठरवले आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक खर्च प्राथमिक सेवेवर करायचे मान्य केले. त्यामुळे केंद्र वाचवा ही मागणी सरकारच्याच शब्दांची आठवण आहे. तिच्या जोडीला आणखी एक मागणी हवी: ओपीडी रात्री नऊपर्यंत चालू ठेवा. दिवसपाळी सुटल्यावर लूमवाला त्या दारातून आत आला, तरच रिकाम्या बाकांचा दाखला खरा की खोटा ते ठरेल.